मशीन व्हिजनसाठी इमेज सेन्सर कसा निवडायचा: दोषापासून डेटाशीटपर्यंत

मशीन व्हिजनचा, म्हणजे कारखान्यात माल आपोआप तपासणारा, कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मेगापिक्सेलचा घ्यायचा? या प्रश्नाचं उत्तर खरं तर शेवटी मिळतं. त्याआधी चार गोष्टी आकड्यांत लिहून काढाव्या लागतात. यंत्राने नेमकं काय बघायचं आहे, ते किती बारीक आहे, किती वेगाने समोरून जातं आणि त्यावरून परावर्तित होणारा किती प्रकाश सेन्सरपर्यंत पोचतो. हे चार आकडे कागदावर आले की बहुतेक सेन्सर आपोआप बाद होतात आणि हातात दोन-तीनच उरतात. चौथ्या आकड्याचा, म्हणजे प्रकाशाचा, हिशोब सगळ्यात कमी लोक करतात आणि सगळ्यात जास्त यंत्रणा तिथेच अडकतात. म्हणून या लेखात त्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

सगळी आकडेमोड एकाच उदाहरणावर करू. स्टँपिंग प्रेसमधून निघालेले पत्र्याचे सपाट भाग पट्ट्यावरून पुढे सरकत आहेत. प्रत्येक भाग १२० × ९० मिमीचा. पट्ट्याचा वेग ६०० मिमी प्रति सेकंद, आणि एका भागाच्या मध्यापासून पुढच्या भागाच्या मध्यापर्यंत १५० मिमी अंतर. म्हणजे सेकंदाला ४ भाग. शोधायचा आहे तो ०.२ मिमी रुंदीचा ओरखडा.

पायरी १: दोष आणि दृश्यक्षेत्र

भाग पट्ट्यावर दर वेळी एकाच जागी येत नाही. तो थोडा सरकतो, थोडा तिरका होतो. ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्याला फोटो घ्यायचा इशारा, तोही एखाद-दोन मिलिमीटर पुढेमागे होतो. म्हणून दृश्यक्षेत्र भागाएवढंच ठेवून चालत नाही. इथे १४० × ११० मिमी धरू.

आता ०.२ मिमीच्या ओरखड्यावर किती पिक्सेल पडले पाहिजेत? एकच पिक्सेल पडेल असा हिशोब केला, तर ओरखडा दोन पिक्सेलच्या सीमेवर आला की दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो आणि कॉन्ट्रास्ट निम्म्यावर येतो. तीन पिक्सेल धरले, तर ओरखडा कुठेही पडला तरी किमान दोन पिक्सेल पूर्णपणे त्याच्या आत राहतात. म्हणून दोष नुसता ओळखायचा असेल तर मी तीनच्या खाली जात नाही. दोषाचा प्रकार ओळखायचा असेल, म्हणजे ओरखडा की डाग की केस हे वेगळं करायचं असेल, तर त्याहून बरेच जास्त लागतात.

तीन पिक्सेल म्हणजे एका पिक्सेलला ०.०६७ मिमी. १४० मिमीसाठी २१०० पिक्सेल, ११० मिमीसाठी १६५०. साधारण साडेतीन मेगापिक्सेल.

इथे घाई केली तर चूक होते. बाजारात २०४८ × १५३६ चा, ३.२ मेगापिक्सेलचा सेन्सर सहज मिळतो आणि "जवळपास तेवढाच आहे" असं वाटतं. पण उभ्या बाजूचा हिशोब करून बघा. ११० मिमी १५३६ पिक्सेलमध्ये बसवायचे तर एका पिक्सेलला ०.०७२ मिमी येतात आणि ओरखड्यावर २.८ पिक्सेलच पडतात. आडव्या बाजूने थोडक्यात हुकत होतं, उभ्या बाजूने आणखी हुकलं. पुढचा पर्याय २४४८ × २०४८ चा, ५ मेगापिक्सेलचा. १४० मिमीला २४४८ पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला ०.०५७ मिमी. उभ्या बाजूला ११७ मिमी दिसतात आणि ओरखड्यावर साडेतीन पिक्सेल पडतात. हा बसतो. मेगापिक्सेलचा एकच आकडा बघण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे पिक्सेल वेगवेगळे तपासा, आणि सेन्सरच्या लांबी-रुंदीचं प्रमाण तुमच्या भागाशी जुळतं का तेही बघा.

काम मोजमापाचं असेल तर हिशोब बदलतो. चांगला प्रकाश आणि चांगली लेन्स असेल तर कडेची जागा पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंतही काढता येते, पण कारखान्यातल्या कंपनात, तेलकट पृष्ठभागावर मी त्यावर भिस्त ठेवत नाही. पिक्सेलच्या तिसऱ्या भागापर्यंतची अचूकता धरून यंत्रणा उभारली तर ती वर्षभरानंतरही तशीच चालते.

पायरी २: वेग, एक्सपोजर आणि शटर

एक्सपोजर चालू असताना भाग सरकतो आणि तेवढा ओरखडा पसरतो. हा पसारा अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवायचा असेल, तर ०.०५७ च्या निम्मे, म्हणजे ०.०२८५ मिमी सरकायला ६०० मिमी प्रति सेकंद वेगाने जेवढा वेळ लागतो तेवढंच एक्सपोजर मिळतं. उत्तर येतं सुमारे ४८ मायक्रोसेकंद. ५० धरू. हा आकडा ठळक लिहून ठेवा, पुढची सगळी ओढाताण त्याच्यावरून होणार आहे.

आता शटर. रोलिंग शटरमध्ये ओळी एकामागून एक उघडतात आणि एकामागून एक वाचल्या जातात. पूर्ण फ्रेम वाचायला २० मिलिसेकंद लागत असतील, तर पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यामध्ये आपला भाग १२ मिमी पुढे गेलेला असतो. चौकोनी भाग तिरका दिसेल किंवा ताणलेला दिसेल, आणि एक्सपोजर कितीही कमी केलं तरी हे जाणार नाही. कारण दोष एक्सपोजरचा नसून वाचण्याच्या वेळेचा आहे.

ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि एकाच क्षणी बंद होतात. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलमध्ये वाचून होईपर्यंत चार्ज साठवायची जागा लागते. पूर्वी या जागेची किंमत नॉइजमध्ये (सिग्नलमधल्या अनियमित चढउतारात) आणि संवेदनशीलतेत मोजावी लागायची. सोनीने २०१३-१४ च्या सुमारास प्रेगियस मालिका आणली, तिचा पहिला सेन्सर आयएमएक्स१७४. तेव्हापासून सीमॉस (आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतला सेन्सरचा प्रकार) ग्लोबल शटर कारखान्यातल्या कामासाठी निर्धास्तपणे घेता येऊ लागला. हलत्या वस्तूसाठी आज तोच पहिला पर्याय आहे. एक गोष्ट मात्र तपासा: साठवणीच्या जागेपर्यंत थोडा प्रकाश झिरपतो. शटर बंद झाल्यावरही खूप प्रखर प्रकाश पडत राहिला, तर त्याची पुसट सावली चित्रात येते. स्ट्रोब, म्हणजे क्षणभरच पेटणारा दिवा, वापरला की हा त्रास बहुधा राहत नाही.

रोलिंग शटर सरसकट टाकाऊ नाही. वस्तू थांबवून फोटो घ्यायचा असेल, सूक्ष्मदर्शकाखालचं काम असेल, तर तो स्वस्त पडतो, नॉइज कमी असतो आणि बारीक पिक्सेलमध्ये जास्त रेझोल्यूशन देतो. हलत्या वस्तूवरही एक युक्ती चालते: सगळ्या ओळी एकाच वेळी उघड्या असतील एवढं लांब एक्सपोजर ठेवायचं आणि त्या काळात ५० मायक्रोसेकंदांचा फ्लॅश मारायचा. अट एकच, बाहेरचा प्रकाश पूर्ण अडवायचा. फ्लॅश ५० मायक्रोसेकंद आणि ओळ उघडी २० मिलिसेकंदांहून जास्त, म्हणजे आजूबाजूच्या प्रकाशाला ४०० पटींहून जास्त वेळ मिळतो. शेडमधल्या दिव्याचा उजेड फ्लॅशच्या चारशेव्या भागाएवढा जरी आत आला, तरी तो चित्रात फ्लॅशइतकाच मोठा होऊन बसतो. बंद पेटीत ही युक्ती चालते, उघड्या पट्ट्यावर नाही. आपल्या उदाहरणात पट्टा उघडा आहे, म्हणून ग्लोबल शटर.

कागद, कापड, फिल्म, पत्र्याची गुंडाळी अशा न संपणाऱ्या मालासाठी, किंवा स्वतःभोवती फिरणाऱ्या दंडगोलासाठी लाइन स्कॅन सेन्सर घ्या, जो एका वेळी एकच ओळ टिपतो. तिथे हिशोब सोपा आहे: वेग भागिले पिक्सेलमागचं अंतर. २ मीटर प्रति सेकंद वेगाची, १.६ मीटर रुंदीची फिल्म ०.१ मिमीने बघायची तर सेकंदाला २०,००० ओळी आणि ओळीत १६,००० पिक्सेल लागतात. एका ओळीला जास्तीत जास्त ५० मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रकाश पुरत नसेल तर टीडीआय प्रकारचा सेन्सर बघावा लागतो, जो तीच जागा अनेक ओळींनी पाहून त्यांची बेरीज करतो. ओळी पट्ट्याच्या वेगाशी बांधण्यासाठी एन्कोडर (पट्टा किती सरकला ते मोजणारं साधन) मात्र हवाच.

पायरी ३: प्रकाशाचा हिशोब

सेन्सरच्या पिक्सेलमध्ये फोटॉन पडतात, त्यातल्या काहींपासून इलेक्ट्रॉन तयार होतात आणि शेवटी आपण ते इलेक्ट्रॉन मोजतो. शंभर फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन मिळाले, ती क्वांटम एफिशियन्सी. पिक्सेलमध्ये जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन मावतात, ती फुल वेल. मोजताना सर्किट स्वतःच्या पदरचे जे इलेक्ट्रॉन घालतं, तो रीड नॉइज. संवेदनशीलतेचा बहुतेक सगळा प्रश्न या तीन आकड्यांत येतो.

प्रकाश मुळातच एकसारखा येत नाही. सरासरी १०,००० इलेक्ट्रॉन जमत असतील, तर दर फ्रेमला त्यात १०,००० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० चा चढउतार होणारच. याला शॉट नॉइज म्हणतात आणि जगातला कुठलाही सेन्सर तो टाळू शकत नाही. म्हणजे सर्वोत्तम सिग्नल-टू-नॉइज प्रमाण फुल वेलच्या वर्गमुळाएवढं. १०,००० ला १००, म्हणजे ४० डेसिबल.

हे आपल्या ओरखड्याला लावून बघू. समजा ओरखडा पृष्ठभागापेक्षा फक्त ५ टक्के काळा दिसतो. पिक्सेल १०,००० इलेक्ट्रॉनपर्यंत भरला, तर ओरखड्याचा सिग्नल ५०० आणि नॉइज १००. पाचपट फरक, अल्गोरिदमला पुरेसा. आता प्रकाश कमी पडला आणि पिक्सेल २,५०० पर्यंतच भरला. सिग्नल १२५, नॉइज ५०. अडीचपट. पाच मेगापिक्सेलच्या चित्रात एवढ्या फरकावर खोटे दोष ढिगाने सापडतात. सेन्सर तोच, लेन्स तीच, सॉफ्टवेअर तेच, फक्त इलेक्ट्रॉन चौथाई.

"मग गेन वाढवू", म्हणजे सिग्नल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोठा करू, हे उत्तर नेहमी ऐकायला येतं. गेनने चित्र उजळतं, पण सिग्नल आणि शॉट नॉइज दोन्ही एकाच पटीने वाढतात. २,५०० इलेक्ट्रॉनचं चित्र गेनने कितीही उजळलं तरी प्रमाण ५० चंच राहतं. इलेक्ट्रॉन वाढवायचे चारच खरे मार्ग आहेत: दिवा प्रखर करा, लेन्सचं छिद्र उघडा, मोठा पिक्सेल घ्या किंवा जास्त क्वांटम एफिशियन्सीचा सेन्सर घ्या. पाचवा मार्ग एक्सपोजर वाढवायचा, तो आपण पट्ट्याच्या वेगापायी आधीच गमावला आहे.

पैशांच्या दृष्टीने दिवा जवळजवळ नेहमी आधी येतो. सेकंदाला ४ फ्लॅश, प्रत्येकी ५० मायक्रोसेकंदांचे, म्हणजे दिवा एकूण वेळेच्या ०.०२ टक्केच जळतो. इतक्या कमी वेळासाठी एलईडीला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट देता येतो, अर्थात उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळून. दिव्याचा कोनही तितकाच महत्त्वाचा आहे. चकचकीत पत्र्यावर प्रकाश अगदी कमी कोनातून, कडेने टाकला तर सपाट भाग काळा राहतो आणि ओरखडा पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. ५ टक्क्यांचा कॉन्ट्रास्ट त्या मांडणीत कितीतरी पटींनी वाढतो. सेन्सर बदलण्याआधी दिवा हातात धरून फिरवून बघा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पिक्सेलच्या आकाराबद्दल मात्र नीट बोलायला हवं. ५.८६ मायक्रॉनच्या पिक्सेलचं क्षेत्रफळ ३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलच्या जवळपास २.९ पट असतं, आणि फुल वेलही साधारण १०,००० वरून ३०,००० च्या घरात जाते. २.७४ मायक्रॉनच्या नव्या पिक्सेलचं क्षेत्रफळ ३.४५ वाल्याच्या ६३ टक्केच भरतं. त्यात बॅक-इल्युमिनेटेड रचना असल्याने वायरिंग प्रकाशाच्या वाटेत येत नाही आणि तोटा काहीसा भरून निघतो. "मोठा पिक्सेल चांगला" हे वाक्य मात्र अर्धंच खरं आहे. तेवढेच पिक्सेल मोठे केले तर सेन्सर मोठा होतो, लेन्स मोठी आणि महाग लागते आणि त्याच एफ-नंबरला (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) फोकसची खोली कमी होते. ती खोली परत मिळवायला छिद्र लहान केलं की मिळवलेला प्रकाश बराचसा पुन्हा हातातून जातो. भाग सपाट असेल, उंचीत फरक नसेल, तर मोठ्या पिक्सेलचा पूर्ण फायदा मिळतो. भाग उंच-सखल असेल तर तो फायदा कागदावरच राहतो.

डायनॅमिक रेंज म्हणजे फुल वेल भागिले रीड नॉइज. १०,००० आणि २.५ धरले तर ४,०००, म्हणजे ७२ डेसिबल, साधारण १२ बिट. मग चित्र ८ बिटमध्ये घ्यायचं की १२? ८ बिटमध्ये १०,००० इलेक्ट्रॉन २५६ पायऱ्यांत वाटले जातात, एक पायरी ३९ इलेक्ट्रॉनची. उजळ भागात शॉट नॉइजच १०० चा आहे, तिथे ३९ ची पायरी काही बिघडवत नाही. पण काळोख्या भागात, जिथे नॉइज ५-१० इलेक्ट्रॉनचा असतो, तिथे ही पायरी बारीक फरक गिळून टाकते. दोष उजळ पृष्ठभागावर असेल तर ८ बिट पुरतात. सावलीत किंवा काळ्या रबरावर असेल तर १२ बिट घ्या.

पायरी ४: मोनो की रंगीत, आणि कुठला प्रकाश

रंगावरून निर्णय घ्यायचा नसेल तर मोनो, म्हणजे कृष्णधवल, घ्या. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळवलेली फिल्टरची रचना आजही बहुतेक रंगीत सेन्सरवर असते: चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यामुळे कडा मऊ होतात, बारीक रेघांवर खोटे रंग दिसतात आणि फिल्टरमध्ये प्रकाशही जातो. ०.२ मिमीच्या ओरखड्यासाठी हे परवडणारं नाही.

रंगातला फरक पुष्कळदा मोनो सेन्सर आणि रंगीत दिवा यांनीच पकडता येतो. पांढऱ्यावरची लाल खूण लाल प्रकाशात जवळजवळ नाहीशी होते आणि निळ्या किंवा हिरव्या प्रकाशात काळी ठसठशीत दिसते. फक्त दोन-तीन ठरलेले रंग वेगळे करायचे असतील तर हा मार्ग आधी आजमावा. वायरचे रंग, छापील पॅकिंग अशा कामाला रंगीत सेन्सरच हवा.

सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटरपलीकडचं दिसत नाही, आणि ९०० च्या पुढेच त्याची क्वांटम एफिशियन्सी झपाट्याने घसरते. ८५० नॅनोमीटरचा दिवा वापरणार असाल तर डेटाशीटमधल्या आलेखावर नेमका तिथला आकडा वाचा, शिखरावरचा नाही. कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच बसवली आहे का तेही विचारा. रंगीत कॅमेऱ्यात ती बहुधा असतेच. ओलावा बघायचा असेल, तर पाणी १४५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषतं, आणि तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा सेन्सर लागतो. पारंपरिक सेन्सर ९०० ते १७०० पर्यंत बघतात. सोनीने २०२० मध्ये आणलेले आयएमएक्स९९० आणि आयएमएक्स९९१ ४०० पासून १७०० पर्यंत बघतात. किंमत सिलिकॉनच्या कितीतरी पट असते, म्हणून आधी भाड्याने किंवा प्रात्यक्षिकासाठी मागवून दोष खरंच दिसतो का ते बघणं शहाणपणाचं.

चकाकी किंवा पारदर्शक प्लास्टिकमधला ताण हा मुख्य प्रश्न असेल तर पोलरायझेशन सेन्सर आहेत, जे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा ओळखतात. चार शेजारी पिक्सेलवर ०, ४५, ९० आणि १३५ अंशांचे फिल्टर असतात. एका कोनाचं चित्र चौथाई पिक्सेलवरच मिळतं, हे पहिल्या पायरीच्या हिशोबात धरा.

पायरी ५: लेन्सशी जोडी

२४४८ × २०४८ पिक्सेल, ३.४५ मायक्रॉनचे: सेन्सर ८.४ × ७.१ मिमी, कर्ण ११ मिमी. डेटाशीटमध्ये याला २/३ इंच लिहिलेलं असतं. इंचांचं हे माप जुन्या कॅमेरा नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलं आहे, त्याला २५.४ ने गुणून काही हाती लागत नाही. १ इंची सेन्सरचा कर्ण १६ मिमी असतो. म्हणून कर्ण नेहमी पिक्सेलवरून स्वतः काढा आणि लेन्सचं प्रतिमा-वर्तुळ त्याहून मोठं आहे याची खात्री करा, नाहीतर कोपरे काळे पडतात.

आपलं मॅग्निफिकेशन ८.४ भागिले १४०, म्हणजे ०.०६. २५ मिमीची लेन्स लावली तर भाग सुमारे ४४० मिमी अंतरावर ठेवावा लागेल. जागा कमी असेल तर १६ मिमीची घ्यावी लागते, आणि तिच्यात कडेला वाकडेपणा जास्त येण्याची शक्यता असते.

३.४५ मायक्रॉनचा पिक्सेल मिलिमीटरला १४५ रेघ-जोड्यांपर्यंत वेगळं दाखवू शकतो. लेन्स तेवढी देते का? आणि छिद्र लहान केलं की विवर्तन (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) आडवं येतं. हिरव्या प्रकाशात एफ/८ ला एका बिंदूचा ठिपका सुमारे १० मायक्रॉन व्यासाचा होतो, म्हणजे तीन पिक्सेलएवढा. एफ/४ ला तो निम्मा. २.७४ मायक्रॉनचा २४ मेगापिक्सेल सेन्सर घेऊन तो एफ/११ वर चालवला, तर जादा पिक्सेल फक्त तोच धूसर ठिपका जास्त तपशिलाने साठवतात. फोकसच्या खोलीसाठी एफ/८ हवाच असेल तर लहान पिक्सेलवर पैसे घालू नका.

पायरी ६: डेटा बाहेर काढणं

आपल्या कामात हा प्रश्न सोपा आहे. ५ मेगापिक्सेल, ८ बिट, सेकंदाला ४ चित्रं: २० मेगाबाइट. साधं गिगई व्हिजन (इथरनेट केबलवरून चालणारी कॅमेऱ्याची जोडणी) सेकंदाला सुमारे ११५ मेगाबाइट नेतं, म्हणजे २३ फ्रेमपर्यंत. केबल १०० मीटरपर्यंत लांबवता येते. यूएसबी३ व्हिजनमध्ये साधारण ३८० मेगाबाइट मिळतात, पण केबल काही मीटरचीच. त्यापुढे ५ आणि १० गिगई, आणि खूप वेगासाठी कोअ‍ॅक्सप्रेस, ज्याची सीएक्सपी-१२ आवृत्ती एका केबलमधून सेकंदाला १२.५ गिगाबिट नेते. पण तिला संगणकात चित्रं उतरवून घेणारं फ्रेम ग्रॅबर कार्ड लागतं.

इथे पैसे वाचवायची एक चांगली जागा आहे. एकाच पिक्सेलचे, एकाच रेझोल्यूशनचे सेन्सर वेगवान आणि संथ अशा दोन रूपांत येतात. सोनीचे आयएमएक्स२५० आणि आयएमएक्स२६४ अशी जोडी आहे: दोन्ही ५ मेगापिक्सेल, ३.४५ मायक्रॉन, ग्लोबल शटर. दुसरा संथ आहे आणि त्याचे कॅमेरे स्वस्त पडतात. सेकंदाला ४ भागांसाठी संथ रूप पुरून उरतं.

पायरी ७: दोन डेटाशीट शेजारी ठेवताना

वेगवेगळ्या उत्पादकांचे आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नसतील तर तुलना निरर्थक ठरते. त्यासाठी युरोपियन मशीन व्हिजन असोसिएशनचं ईएमव्हीए १२८८ हे मानक आहे. त्या पद्धतीचा अहवाल मागा. नाव असलेले उत्पादक तो देतात. त्यात तुमच्या दिव्याच्या तरंगलांबीची क्वांटम एफिशियन्सी, सॅच्युरेशन कपॅसिटी (फुल वेलसारखाच आकडा), अंधारातला नॉइज आणि सर्वोच्च सिग्नल-टू-नॉइज एवढं बघा. प्रकाश भरपूर असेल तर सॅच्युरेशन कपॅसिटी निर्णय करते. प्रकाश तुटपुंजा असेल तर क्वांटम एफिशियन्सी आणि रीड नॉइज. डार्क करंट (प्रकाश नसतानाही पिक्सेलमध्ये जमणारे इलेक्ट्रॉन) तापमान ६ ते ८ अंशांनी वाढलं की दुप्पट होतो, पण ५० मायक्रोसेकंदांच्या एक्सपोजरमध्ये तो नगण्य असतो. सेकंदभर एक्सपोजर लागणाऱ्या कामातच त्याची काळजी करा.

सेन्सर किती वर्षं मिळत राहणार, हेही याच पायरीवर विचारा. सोनीने २०१५ मध्ये सीसीडी (सीमॉसच्या आधीचा सेन्सरचा प्रकार) बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्यांच्यावर उभ्या असलेल्या यंत्रणांना नवा सेन्सर, नवी लेन्स, नवी प्रकाशरचना आणि नवं व्हॅलिडेशन असं सगळं पुन्हा करावं लागणार हे उघड झालं. एकच सेन्सर दोन-तीन कॅमेरा उत्पादकांकडे मिळत असेल तर पुढे पर्याय राहतो. कागदपत्रांत कॅमेऱ्याच्या मॉडेलबरोबर सेन्सरचा क्रमांकही लिहून ठेवा.

पायरी ८: खऱ्या भागांवर चाचणी

उरलेले दोन सेन्सर प्रात्यक्षिकासाठी मागवा. ढळढळीत ओरखड्याचे नमुने दाखवून काही सिद्ध होत नाही, ते कुठल्याही कॅमेऱ्याला दिसतात. नमुने हवेत ते सीमेवरचे: ०.२ मिमीच्या किंचित वरचे आणि किंचित खालचे, तेल लागलेले, बोटांचे ठसे असलेले, आणि पूर्णपणे चांगले पण थोडे मळलेले. तपासणीस ज्यांवर क्षणभर विचार करतो, असे भाग वेचून ठेवायला सांगा.

पिक्सेलमध्ये खरंच किती इलेक्ट्रॉन जमतात हेही तिथेच मोजून घ्या. गॅमा (उजळपणाचा आलेख वाकवणारी सेटिंग) बंद, गेन शून्य, १२ बिट. एकसारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाची लागोपाठ दोन चित्रं घ्या आणि लेन्स झाकून एक काळं. पांढऱ्या चित्राच्या सरासरीतून काळ्याची सरासरी वजा करा. समजा २,००० ग्रे-लेव्हल (उजळपणाच्या पायऱ्या) आलं. मग दोन पांढरी चित्रं एकमेकांतून वजा करा आणि त्या फरकाचं व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी) काढा. वजाबाकीमुळे दिव्याचा उतार आणि लेन्सवरची धूळ निघून जाते, उरतो तो फक्त नॉइज, तोही दोन चित्रांचा मिळून. म्हणून निम्मं करा. समजा १,६०० चे ८०० झाले. ८०० भागिले २,००० म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे ०.४ ग्रे-लेव्हल. तेव्हा २,००० ग्रे-लेव्हल म्हणजे ५,००० इलेक्ट्रॉन, आणि सिग्नल-टू-नॉइज सुमारे ७१. पूर्ण पट्टी ४,०९५ ची, म्हणजे सेन्सर साधारण १०,००० इलेक्ट्रॉनपर्यंत जातो. आपण अर्ध्यावरच आहोत, दिवा अजून दुप्पट करायला वाव आहे.

हीच मोजणी पट्टा पूर्ण वेगाने चालू असताना, ५० मायक्रोसेकंदांच्या फ्लॅशवर आणि प्रत्यक्ष पत्र्यावर पुन्हा करा. इथे भाग हलत असल्याने दोन चित्रं तंतोतंत जुळणार नाहीत, म्हणून पत्र्याच्या एकसारख्या दिसणाऱ्या छोट्या तुकड्याची सरासरी घ्या आणि आधी काढलेल्या ०.४ ने भागा. आकडा ८,००० च्या आसपास आला आणि सीमेवरचे नमुने दोन्ही कॅमेऱ्यांनी सारखेच पकडले, तर त्यातला स्वस्त घ्या आणि वाचलेले पैसे दिव्यावर आणि लेन्सवर घाला.